मनावर ताबा ठेवा म्हणे!

ज्याला स्वतःला कसलाच त्रास नाही, अशा माणसाने दिलेला सगळ्यात स्वस्त सल्ला म्हणजे ‘मनावर ताबा ठेव’. डोक्यावरचे केस उपटणाऱ्या मुलीला तोच, दुकानातून नको असलेली वस्तू उचलणाऱ्या बाईला तोच, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावणाऱ्या पुरुषालाही तोच. (पुरुषाला जरा हळू आवाजात.) लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या कट्ट्यावर, शाळेच्या पालकसभेत हा सल्ला मिळतो, आणि देणारा तो देऊन असा काही सुस्कारा सोडतो की जणू प्रकरण निकालात निघालं.

या मंडळींचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते दिसतं तितकं बावळट नाही. इच्छा सगळ्यांनाच होतात, ते म्हणतात. त्या आवरणं यालाच माणूसपण म्हणतात. या तथाकथित रोग्यांची शुद्ध हरपलेली नसते. आपण काय करतोय हे त्यांना कळतं. चार लोकांसमोर ते करत नाहीत, एकटे असले की करतात. म्हणजे ठरवलं तर थांबवू शकतात. मग याला विकार म्हणणं म्हणजे ढिलाईला डॉक्टरी दाखला देणं. आमच्या आजीच्या काळी असलं काही नव्हतं, दोन ठेवून दिल्या की पोरं सरळ व्हायची. आता जो तो ‘मेनिया’ घेऊन फिरतो, समुपदेशक तासावर पैसे घेतात आणि औषध कंपन्यांची चंगळ होते. असंच चाललं तर उद्या प्रत्येक चोर कोर्टात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन उभा राहील.

ऐकायला झकास. आता जरा जवळ जाऊन बघू.

सुरुवात केसांपासून करू. इथे कोणाचं काही चोरीला जात नाही, कोणाला मार बसत नाही, आणि तरीही उपदेशाचा भडिमार सगळ्यात जास्त इथेच होतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी गणितं सोडवत बसलेली असते. उजव्या हातात पेन. डावा हात टाळूकडे जातो. बोटं केसांतून फिरतात, चाचपतात. त्यांना कुठलाही केस चालत नाही. जाडसर, खरबरीत, बाकीच्यांपेक्षा वेगळा लागणारा हवा असतो. तो सापडला की चिमटीत धरून एक हिसका. निघालेल्या केसाच्या मुळाशी पांढरट, ओलसर ठिपका असतो. तो ओठांवरून फिरवला जातो, कधी दातांखाली चिरडला जातो. मग पुढचा केस. गणित सुटेपर्यंत वहीच्या घडीत केसांचा पुंजका जमलेला असतो, आणि त्यातले पहिले काही आपण कधी काढले हे तिला अनेकदा आठवतही नाही.

घरच्यांना आधी वाटतं, चाई लागली. कांद्याचा रस चोळून होतो. स्किनच्या डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांना भिंगातून दिसतं की चाईसारखी गुळगुळीत कातडी इथे नाही, वेगवेगळ्या लांबीचे तुटके खुंट आहेत. मग ताब्याचा अध्याय सुरू होतो. हातावर चापट, बोटांना कडुनिंबाचा रस, ‘अशा डोक्याशी कोण लग्न करणार’, आणि शेवटचा उपाय म्हणून गोटा. काही घरांत करणीचाही संशय येतो. ज्या समाजात केसांची जट झाली की देवी आली म्हणतात, तिथे केस गेले की कोणीतरी काहीतरी केलं म्हणणारे निघणारच.

या सगळ्यातून काय साधतं? उपटणं थांबत नाही, लपण्याच्या जागा वाढतात. न्हाणीघर, पांघरूण, गच्ची. आणि मग आपण विजयी मुद्रेने म्हणतो, बघा, आमच्यासमोर करत नाही, म्हणजे ताबा आहे! नाटकाला गेल्यावर पहिल्या अंकभर खोकला दाबून धरणारे आपण सगळेच आहोत. मध्यंतरात काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. तासभर रोखता येणं आणि ऊर्मीच नसणं यांत फरक आहे, हे खोकल्याच्या बाबतीत ज्याला समजतं त्याला केसांच्या बाबतीत का समजू नये?

अधूनमधून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. मुलीच्या पोटातून केसांचा गोळा काढला. सोबत शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचा फोटो, ट्रेमध्ये ठेवलेल्या काळ्या गोळ्याचा फोटो आणि त्याचं वजन. केस केराटिनचा असतो, जठरातल्या आम्लाला तो दाद देत नाही. गुळगुळीत असल्यामुळे पुढे ढकललाही जात नाही; जठराच्या वळ्यांत अडकतो, त्यात अन्न आणि चिकट द्रव गुंतत जातात आणि बघता बघता जठराचा साचा तयार होतो. त्याचं शेपूट लहान आतड्यात उतरलं तर त्या अवस्थेला १९६८ पासून ‘रॅपुंझेल सिंड्रोम’ असं परीकथेतलं नावही आहे. बातमीत हे सगळं येतं. पोर केस का खात होती, तेवढं मात्र येत नाही. असा गोळा एका रात्रीत होत नाही, महिनोन् महिने लागतात. इतका काळ त्या घरात तिला कोणी ‘सोड ही घाण सवय’ म्हटलंच नसेल? आणि गोळा काढून टाके घातल्यावर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोणी नेलं नसेल, तर पुढचा गोळा वळायला लागला असं समजायला हरकत नाही.

आता उपाय. १९७३ साली ॲझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक पद्धत मांडली, हॅबिट रिव्हर्सल. पन्नास वर्षं उलटली तरी या विकारावर आजही पहिली पसंती तिलाच आहे. तिच्यात उपदेश नाही, हिशेब आहे. हात केव्हा वर जातो? अभ्यास करताना, टीव्हीसमोर, आरशापुढे, झोप येत नसताना? डावा की उजवा? आधी बोटं चाचपतात की थेट ओढतात? हे सगळं टिपून ठेवायचं, म्हणजे न कळत होणारी गोष्ट कळू लागते. मग ऊर्मी आली की त्याच हाताची मूठ घट्ट वळायची, किंवा हात मांडीशी दाबून धरायचा, लाट ओसरेपर्यंत, दोन-तीन मिनिटं. सोबत जागा आणि वस्तू बदलायच्या. भिंगाचा आरसा घरातून हलवायचा, चिमटा दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचा, अभ्यासाला बसताना डोक्याला रुमाल किंवा बोटांना चिकटपट्टी. घरातल्या एका माणसाला शिकवायचं की टोमणा न मारता खूण कशी करायची आणि हात खाली राहिला तर कौतुक कसं करायचं.

‘म्हणजे शेवटी ताबाच की!’ असं कोणी म्हणेल. जरूर म्हणावं. पण मग काय करायचं, कोणत्या हाताने, किती मिनिटं, कोणत्या खोलीत, हे सांगण्याची तसदीही त्यांनी घ्यावी. ते न सांगता नुसतं ‘थांबव’ म्हणणाऱ्याने उपाय सांगितलेला नसतो, फक्त अपयशाची जबाबदारी रोग्यावर ढकललेली असते.

औषध कंपन्यांच्या कटाचं काय? मूठ वळण्याचं पेटंट कोणत्या कंपनीकडे आहे, हे मला तरी सापडलेलं नाही. गोळ्यांची कथा तर या मंडळींना आवडावी इतकी बेताची आहे. नैराश्यावर चालणाऱ्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या केस उपटण्यावर फारशा कामाला येत नाहीत, आणि हे मानसोपचारतज्ज्ञांनीच अभ्यास करून सांगितलं. एन-ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारं जुनं, स्वस्त औषध २००९ साली ५० प्रौढांवर बारा आठवडे तपासलं गेलं. औषध घेतलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना लक्षणीय फरक पडला, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी १६ टक्के लोकांना. तेच औषध पुढे मुलांवर तपासलं तेव्हा खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही, आणि तेही छापून आलं. धंदाच करायचा असता तर हा दुसरा निकाल कोणी कशाला छापला असता?

‘आमच्या काळी नव्हतं’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. नको त्या वस्तू चोरण्याच्या वेडाला फ्रान्समध्ये एस्किरोल आणि मार्क या डॉक्टरांनी १८३८ साली ‘क्लेप्टोमेनिया’ हे नाव दिलं. केस उपटण्याच्या विकाराला हॅलोपो या त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ साली. कोणाच्या आजीचा काळ म्हणताय? अमेरिकन मानसोपचार संघटनेने चोरीचं आणि जुगाराचं वेड निदानाच्या १९८० सालच्या पुस्तकात एका गटात बसवलं, केस उपटणं १९८७ साली त्यात आणलं, आणि २०१३ साली जुगार उचलून व्यसनांत, केस उपटणं उचलून मंत्रचळाच्या शेजारी ठेवलं. ‘डॉक्टरांचंच एकमत नाही’ म्हणून यावर टाळ्या पिटणारे भेटतात. फडताळ बदललं म्हणून आतली बरणी रिकामी होत नाही.

मूळ प्रश्न मात्र ताब्याचाच आहे, तेव्हा ताब्याकडेच वळू. २०१२ साली जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये २०५ माणसांना आठवडाभर एक यंत्र जवळ बाळगायला दिलं. ते वाजलं की आत्ता कसली इच्छा होतेय, तिच्याशी झगडा चाललाय का, हे नोंदवायचं. आपला समज असा की संयमी माणूस दिवसभर मोहांशी झुंजून जिंकत असतो. नोंदी उलट निघाल्या. ज्यांचा संयम जास्त, त्यांना झगडावंच कमी लागत होतं. तेव्हा ‘मी बघ कसा आवरतो’ म्हणणाऱ्या काकांना एकच विचारावंसं वाटतं: काका, तुम्हाला केस ओढावासा वाटला होता का कधी? नाही? मग आवरलंत काय? (मनाचे श्लोकही २०५च आहेत, हा निव्वळ योगायोग. पण समर्थांनाही मनाची समजूत घालायला २०५ श्लोक लागले. काकांचं एका वाक्यात भागतं.)

आणि ज्यांना एवढ्यानेही पटत नाही त्यांनी पार्किन्सनच्या रोग्यांकडे बघावं. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, म्हणून प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. हात-पाय सुधारतात. पण काही रोग्यांत भलतंच घडतं. आयुष्यभर काटकसरीने संसार केलेला, लॉटरीचं तिकीट कधी हातात न धरलेला माणूस सत्तरीत जुगार खेळू लागतो, गरज नसताना खरेदी करत सुटतो, रात्री उठून बकाबका खातो, लैंगिक बाबतीत घरच्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं वागतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रोग्यांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असा किमान एक विकार होता, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. आणि मात्रा कमी केली, औषध बदललं, की पुष्कळदा हे सगळं ओसरतं. (हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो; परस्पर गोळी बंद केली तर वेगळीच आफत ओढवते.)

आता सांगा. सत्तर वर्षांचे संस्कार, सकाळची पूजा, पै-पैचा हिशेब, हे सगळं एका गोळीपुढे कुठे गेलं? आणि गोळी कमी केल्यावर चारित्र्य आपल्या पायांनी घरी परत आलं का? ताबा म्हणजे निव्वळ नैतिक कमाई असेल तर ती मिलिग्रॅमच्या हिशेबाने कमी-जास्त कशी होते? याचं उत्तर ताबावाल्यांपैकी कोणी दिलेलं माझ्या वाचनात नाही.

राहिला चोर आणि त्याची चिठ्ठी. हा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय आहे आणि सगळ्यात पोकळही. क्लेप्टोमेनियाची अटच अशी की उचललेली वस्तू वापरायला नको असते आणि तिच्या किमतीशी देणंघेणं नसतं. पर्समध्ये पैसे असतात आणि हातात सेफ्टी पिनांचं पाकीट. उचलण्याआधी आत काहीतरी ताणत जातं, उचलताच सुटतं, आणि दुकानाबाहेर पडेपर्यंत लाज दाटून येते. वस्तू फेकली जाते, कोणाला देऊन टाकली जाते, कधी गुपचूप परत नेऊन ठेवली जाते. सूड म्हणून, गरज म्हणून, हाव म्हणून केलेली चोरी यात बसत नाही. दुकानात पकडल्या जाणाऱ्यांपैकी निरनिराळ्या पाहण्यांत ४ ते २४ टक्के या व्याख्येत बसले. म्हणजे बाकीच्या मोठ्या संख्येला नकार देणारी हीच व्याख्या आहे. चिठ्ठी वाटत सुटणारा निकष असा असतो का?

कायद्याचं म्हणाल तर त्याला या बाबतीत काकांच्या काळजीची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ८४, त्यालाच वाचवतं ज्याला मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळतच नव्हतं. क्लेप्टोमेनिया असलेल्या बाईला ते पुरेपूर कळतं, त्यापायीच तर ती मरणप्राय लाजते. म्हणजे निदानाने ती सुटत नाही. शिक्षा ठरवताना न्यायाधीश विचार करतील, उपचारांकडे वळवतील, एवढंच. श्रीमंताला ‘क्लेप्टोमेनिया’ आणि गरिबाला ‘चोर’ म्हणतात, हा टोमणा मात्र खरा आहे. पॅरिसमध्ये मोठी दुकानं निघाली तेव्हापासून उच्चभ्रू बायकांचे वकील हे नाव वापरत आलेत. पण त्यावर उपाय काय? गरीब बाईलाही मानसोपचारतज्ज्ञ मिळावा हा, की श्रीमंत बाईचाही काढून घ्यावा हा? इथेही हातात काहीच नाही असं नाही. दारू सोडवताना वापरतात त्या नाल्ट्रेक्सोनची २००९ साली क्लेप्टोमेनियाच्या २५ रोग्यांवर आठ आठवडे चाचणी झाली आणि ऊर्मी व चोरी दोन्ही कमी झाल्या. आकडा लहान आहे. पण शरमेपोटी कोणी पुढेच येत नसेल तर तो मोठा कसा होणार? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनी, आणि विम्यात त्याला शारीरिक आजारासारखंच वागवायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रोग्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत काय पोचलं होतं याचा अंदाज करायला सर्वेक्षण लागत नाही.

आणि शेवटी तो ताट भिरकावणारा. इथे आपली सगळी तत्त्वं अचानक मऊ होतात. ‘रागीट आहे, पण मनाने चांगला.’ ‘पित्त प्रकृती.’ ‘त्यांच्या वडिलांचंही असंच.’ बायकोला सांगितलं जातं, तूच सांभाळून घे, तूच तोंडाला आवर घाल. म्हणजे ताट फेकायचं त्याने आणि ताबा ठेवायचा तिने!

अशा स्फोटक संतापालाही विकाराचं नाव आहे, इंटरमिटंट एक्स्प्लोझिव्ह डिसॉर्डर. पण त्याच्या अटी वाचा. संताप कारणाच्या मानाने फार मोठा, न ठरवता उफाळलेला, सहसा अर्ध्या तासाच्या आत विझणारा हवा. आणि पैसा, सत्ता किंवा दुसऱ्याला धाक घालणं असा काही हेतू साधण्यासाठी तो केलेला नसावा. धाक हा शब्द व्याख्येतच आहे. ज्याला खरोखर हा विकार असतो त्याचा भडका जवळच्यांवर जास्त उडत असला तरी तो माणूस निवडून पेटवलेला नसतो. साहेबांवर, वाहतूक पोलिसावर, वॉचमनवर, भावावर, कोणावरही. नोकऱ्या जातात, हात मोडून घेतो, मग डोकं धरून बसतो. त्याला मदत होते. राग चढताना ओळखणं, तिथून बाजूला होणं, समोरच्याने मुद्दाम डिवचलं हा समज तपासून बघणं, हे शिकवणाऱ्या उपचारांचा गुण येतो. फ्लुऑक्सेटिनचाही काहींना उपयोग होतो.

पण जो दिवसभर साहेबांचं ऐकून घेतो, लोकलमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी गिळतो, आणि घराचं दार लावल्यावरच ज्याचा ‘ताबा सुटतो’, त्याला कोणता विकार आहे? साहेबांवर पेपरवेट भिरकावल्याचं कधी ऐकलंय? त्याचा ताबा शाबूत आहे. कोणासमोर सोडायचा आणि कोणासमोर ठेवायचा, हे त्याला चोख कळतं. त्याच्यासाठी मानसशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा उघडावा.

तेव्हा ताबावाल्यांशी माझं भांडण हे आहे, की ते आपला सल्ला बरोबर उलट्या पत्त्यावर टाकतात. जिच्या हाताला आपण काय करतोय हे कळतही नाही, तिला चापट. ज्याला पुरतं कळतं, त्याला ‘स्वभाव’ म्हणून माफी. जो विकार शिकवणीने, थोड्या औषधाने आटोक्यात येतो त्याला वाईट खोड म्हणायचं, आणि जी निव्वळ दांडगाई आहे तिला आजारासारखं सांभाळून घ्यायचं. उपदेश केल्याशिवाय जेवण पचत नसेल तर त्या साहेबांपुढे गप्प बसणाऱ्याला करा. त्याला तो लागू पडेल. ताबा कसा ठेवतात हे त्याला येतं, कचेरीत रोज करून दाखवतो. केस उपटणाऱ्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, आणि रिक्षात बसल्यावर तिला काही बोलू नका.